तपासणीचं कपाट

‘परिचारिकेच्या आयुष्यातले हृद्य प्रसंग’ लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. मी चष्मा पुसून ‘हृद्य’ हा शब्द पुन्हा वाचला. मला सांगा, तलाठ्याला कुणी हृद्य प्रसंग विचारतं का? स्टेशनमास्तरला? नर्स म्हटली की लगेच ममता, त्याग, सेवेचं व्रत. अहो, कसलं डोंबलाचं व्रत! नोकरी होती. आयुष्यभर केली आणि बरीचशी चांगली केली. एकदा वाईट केली. त्या एका वेळेचंच लिहिणार आहे. वाचून कुणाला हृद्य वाटलं तर ती माझी चूक नाही.

मी वाणगावची. वडिलांची चिकूची वाडी, घर खाऊनपिऊन सुखी. मुंबईला जाऊन नर्सिंग शिकते म्हटल्यावर घरात जो तमाशा झाला तो इथे सांगत बसत नाही. शिकले, सुईणपणाचा वेगळा कोर्सही केला आणि तेविसाव्या वर्षी पालघरच्या भागातल्या एका लहान हॉस्पिटलात रुजू झाले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. वीस खाटा, एक डॉक्टर, एक मेट्रनबाई, आम्ही चार नर्सा, तीन आया आणि एक कंपाउंडर. पेशंट मात्र दातिवऱ्यापासून पार तारापूरपर्यंतचे. सन साठ ते सत्तरच्या मधली वर्षं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि बोईसरच्या बाजूला रोज नवी झोपडी उभी राहत होती. डोंगरातली माणसं खडी वाहायला उतरत होती, परमुलखातली माणसं ट्रकनं येत होती. त्यांचे तापही आमच्याकडे, अपघातही आमच्याकडे, बाळंतपणंही आमच्याकडे. खाटा तेवढ्याच, वीस.

बाहेरच्यांना वाटतं, नर्सचं काम म्हणजे कपाळावर हात ठेवणं. कपाळावर हात ठेवायला वेळ कुणाला होता! आमचं निम्मं काम उकळण्याचं आणि निम्मं मोजण्याचं. तेव्हा सुया फेकून देत नसत. काचेच्या सिरिंजा, त्यांच्या सुया, रबरी नळ्या, सगळं रोज उकळायचं, सुई बोथट झाली की दगडावर घासायची आणि पुन्हा वापरायची. ड्यूटी बदलताना येणाऱ्या नर्सला सगळं मोजून द्यायचं. थर्मामीटर तीन, कात्र्या दोन, चिमटे पाच. पेशंट कसा आहे ते नंतर, आधी चिमटे. एक चिमटा कमी भरला तर वीसही बिछाने झाडायचे, कचऱ्याची बादली उपसायची आणि तरीही नाही सापडला तर मेट्रनबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं.

मेट्रनबाईंचं आडनाव कर्णिक. उंच, सडपातळ, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. बाई येत आहेत हे आम्हाला त्या जुडग्यावरून कळायचं आणि बसलेल्या आम्ही उठून उभ्या राहायचो. खोटं कशाला बोलू, कामाला बाई वाघीण होती. टायफॉइडच्या पेशंटची चादर स्वतः बदलायला तिला कधी कमीपणा वाटला नाही. ती आली तेव्हा त्या हॉस्पिटलात धड बेडपॅनसुद्धा नव्हतं म्हणे. अर्जावर अर्ज करून, साहेब लोकांच्या मागे लागून तिनं एकेक वस्तू मिळवली होती. आणि मिळवलेली प्रत्येक चांगली वस्तू तिनं कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

हे कपाट म्हणजे आमच्या हॉस्पिटलचं देवघर. बाळंतपणाच्या खोलीला लागून होतं, पुढं काचेची दारं. आत लाल ब्लँकेटं एक डझन, घडीही न मोडलेली. इनॅमलची नवी भांडी, रबराच्या नव्या नळ्या, बाळंतपणाची चकाकती हत्यारं. मधल्या फळीवर एक सक्शन मशीन. ते पायानं दाबून चालवायचं, म्हणजे नळीतून ओढ लागते आणि बाळाच्या नाकाघशातली घाण काचेच्या बाटलीत येते. वीज गेली तरी चालणारं, नेमकं आमच्यासारख्या ठिकाणी हवं तसं. आम्ही मात्र जुन्या कपाटातल्या फाटक्या सामानावर दिवस काढायचो. नव्याला ‘तपासणीचं कपाट’ म्हणायचं. वर्षातून एकदा ठाण्याहून मोठे साहेब तपासणीला यायचे, त्या दिवशी ते उघडायचं.

तपासणीच्या दिवशीची गंमत बघण्यासारखी असायची. सकाळी सहा वाजता पेशंटांच्या अंगावरच्या गोधड्या काढून लाल ब्लँकेटं घालायची. “यावर सांडायचं नाही, थुंकायचं नाही, कूस वळायची नाही,” असं प्रत्येकाला बजावून सांगायचं. साहेब यायचे, बघायचे, बुकात शेरा लिहायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की आम्ही ब्लँकेटं ओढून काढायचो. एका वर्षी दांडीचा एक म्हातारा नाखवा न्यूमोनियानं पडला होता. तो ब्लँकेट सोडेना. दोन्ही मुठींत घट्ट धरून बसला.

“नाय देत,” म्हणाला. “साहेब गेला, माझी थंडी नाय गेली.”

मी हसले आणि ब्लँकेट काढून घेतलं. हो, हसत हसत काढून घेतलं. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटत होतं. ब्लँकेट म्हाताऱ्यासाठी नसून बुकातल्या शेऱ्यासाठी आहे, हे इतक्या लवकर अंगवळणी पडतं याचा आज संताप येतो.

एकदा जिल्ह्याहून एक छापील कागद आला. कर्मचाऱ्यांना आपल्या कामाच्या जागेविषयी काय वाटतं, याचे बारा प्रश्न. मेट्रनबाईंनी आम्हा चौघींना ओळीनं बसवलं आणि उत्तरं सांगितली. आम्ही शाळेतल्या पोरींसारखी लिहून घेतली. वरिष्ठांची वागणूक? समाधानकारक. विश्रांतीची सोय? समाधानकारक. आवश्यक उपकरणं उपलब्ध आहेत काय? इथे मी पेन थांबवलं.

“काय झालं, सिस्टर राऊत?”

“बाई, जुन्या नळ्यांना चिरा पडल्यात. नव्या मिळाल्या तर...”

“प्रश्न नीट वाचा. उपलब्ध आहेत काय, असं विचारलंय. आहेत की नाहीत?”

“आहेत.”

“मग ‘होय’ लिहा.”

लिहिलं. तिला ते कपाट भरलेलं दिसत होतं आणि आम्हाला बंद दिसत होतं. त्या कागदावर दोन्हीला एकच उत्तर. तिची भीती मी नंतर समजून घेतली. आधीच्या एका ठिकाणी तिच्या ताब्यातलं सामान वापरात मोडलं आणि तिच्यावर चौकशी लागली होती. वापरलेली वस्तू मोडते, मोडली की खुलासा द्यावा लागतो आणि बदली वस्तू वर्षानुवर्षं येत नाही. न वापरलेली वस्तू कधीच मोडत नाही. हा तिचा हिशेब. समजला मला. पण समजला म्हणून राग गेला, असं काही नाही.

आता जमनाची ओळख करून देते, कारण हे सगळं तिच्यामुळेच लिहिते आहे. जमना आमच्याकडची आया. दांडीची, विधवा, चाळिशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत. नोकरी कच्ची, म्हणजे आज आहे, उद्या साहेबाची मर्जी. माझ्या आईच्या वयाची बाई, पण आम्ही तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरी तिला ‘ए जमना’ म्हणायचो आणि ती आम्हाला ‘शिस्टर’ म्हणायची. आयांनी खुर्चीवर बसायचं नाही, नर्सच्या आधी बोलायचं नाही, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, तरी ते एकदाही मोडले गेले नाहीत. जमना तर पाण्याचा तांब्या उचलतानाही विचारायची.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे. सकाळचे अकरा वाजलेले. डॉक्टर देवीची लस टोचायला दातिवऱ्याला गेले होते. मेट्रनबाई सकाळच्या गाडीनं मीटिंगला ठाण्याला गेल्या होत्या आणि किल्ल्या नेहमीप्रमाणे त्यांच्या कंबरेला. दुसरी नर्स वॉर्डात. बाळंतपणाच्या खोलीत मी आणि जमना.

फाटकाशी खडीचा ट्रक थांबला. ड्रायव्हर ओरडत आला, “सिस्टरजी, जल्दी! लड़की बहुत तकलीफ़ में है, सुबह से है!” ट्रकच्या मागे खडीवर गोणपाट टाकून एक अडलेली पोर निजवली होती, नाव बुधी. डोंगरातली मुलगी, फार तर एकोणीस वर्षांची, बोईसरकडच्या रस्त्याच्या कामावर पाट्या वाहायला आलेली. नवरा बरोबर होता, पण तो इतका घाबरला होता की ट्रकला धरून उभाच राहिला. मी आणि जमनानं तिला उचलून आत घेतलं. पाणमोट फुटलेली आणि पाणी हिरवंगार. सुईणपण शिकलेल्या कुणालाही विचारा, हिरवं पाणी म्हणजे बाळानं आतच शी केली आहे, ते गुदमरतं आहे आणि ती घाण श्वासाबरोबर आत जाणार आहे.

बाळ झालं. मुलगी. निळी पडलेली, हातपाय लुळे, आवाज नाही. तोंडात बोट घातलं तर काळसर हिरवा चिकट गोळा. बोटाला कापड गुंडाळून जेवढा निघाला तेवढा काढला, पण खरा अडथळा घशात. त्यासाठी आमच्याकडे एक साधी युक्ती असायची. मधे काचेची कुपी, दोन बाजूंना दोन रबरी नळ्या. एक नळी बाळाच्या घशात, दुसरी आपल्या तोंडात. आपण ओढायचं, घाण कुपीत येते. मी नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन ओढलं. नुसती हवा. रबर उकळून उकळून फुटलेलं, चिरेतून वारा येत होता. चिरेवर बोट दाबलं, तर दुसरीकडून वारा.

मी मान वर केली. समोर तपासणीचं कपाट. काचेच्या मागे नवं कोरं मशीन. माझ्यापासून चार पावलांवर.

वाचकांनो, मी त्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले. बाळाला एका हातावर पालथं धरून उभी राहिले आणि कुलूप ओढून पाहिलं. कुलूप लागलेलं आहे हे मला ठाऊक होतं, तरी ओढून पाहिलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं सांगू? माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. दोन महिन्यांनी कागद व्हायचा आहे. काच फुटली तर खुलासा द्यावा लागेल. हातात बाळ निळं पडतंय आणि डोक्यात खुलासा! इतकं मला त्या हॉस्पिटलनं तयार केलं होतं. नाही, हॉस्पिटलला कशाला बोल लावू, मी तयार झाले होते.

“शिस्टर,” मागून जमना म्हणाली. तिच्या हातात औषधं कुटायच्या खलातला लोखंडी बत्ता होता. “फोडू का?”

मी म्हटलं, “फोड.”

स्पष्ट म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. तिनं विचारलं आणि मी सांगितलं. एवढं ध्यानात असू द्या.

एका घावात काच खाली आली. जमनानं आत हात घालून मशीन ओढून काढलं. तळहाताला हा एवढा काप पडला, रक्त धार लागून वाहत होतं, पण तिनं बघितलंसुद्धा नाही. नळी जोडली, मी ती बाळाच्या घशात घातली आणि पाय दाबला. पायटा धपकन खाली गेला. ओढ नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मशीन मेलेलं! तपासणीला इतक्या वेळा मांडलेलं, साहेबांनी इतक्या वेळा वाखाणलेलं ते मशीन आल्यापासून एकदाही, एकदाही कुणी चालवून बघितलं नव्हतं.

मी बाळाच्या तोंडावर तोंड ठेवून हलक्या फुंकरा घालत होते आणि रडत होते. जमना खाली बसून मशीनकडे बघत होती.

“वायसर सुकलाय,” ती म्हणाली. “ष्टोचा सुकतो तसा. तेल देऊ?”

“दे, दे, काय वाटेल ते कर!”

ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे सांगायला नको. आतला चामड्याचा वायसर वाळला की पंपाला जोर येत नाही. दांडा काढायचा, चामड्याला खोबरेल चोळायचं, कडा बोटानं फाकवायची आणि दांडा पुन्हा बसवायचा. बाळाच्या अंगाला चोळायचं खोबरेल तिथेच वाटीत होतं. जमनानं फिरकी सोडली, दांडा ओढला, रक्ताळलेल्या बोटानं तेल चोळलं, बसवला. तीन वर्षं शिकलेली मी, मला हे सुचलं नसतं. ती म्हणाली, “हां, दाबा.”

दाबलं. नळीतून कसलासा फुरफुर आवाज आला आणि बाटलीत ती काळी हिरवी घाण सर्रकन ओढली गेली. पुन्हा. पुन्हा. बाळाची छाती आत गेली, वर आली. एक बारीक, चिडका आवाज. मग दुसरा. मग ते पोर असं काही बोंबललं की वॉर्डातून दुसरी नर्स धावत आली.

जमना भिंतीला टेकून बसली. बसली, लक्षात घ्या, माझ्यासमोर. आणि हसली. मी तिच्या हाताला आयोडीन लावलं, पट्टी बांधली. त्या दिवशी मला वाटलं होतं, या जागेसारखी जागा नाही.

दुपारच्या गाडीनं मेट्रनबाई आल्या. दारात थांबल्या, कपाटाकडे पाहिलं.

“कुणी फोडली?”

मुलगी की मुलगा, विचारलं नाही. बाळंतीण कशी आहे, विचारलं नाही. मी घडलेलं सांगू लागले तर हात वर करून मला थांबवलं आणि खाली बसून काचेचे तुकडे एक एक करून वर्तमानपत्रात गोळा केले. पुरावा! पुढल्या महिन्यात तपासणी होती. मग त्यांचा जो आवाज चढला तो पार बाहेरच्या ओट्यापर्यंत गेला. काच, काच, काच. सरकारी कपाट, सरकारी काच.

त्या ओरड्याचा परिणाम काय झाला ऐका. बुधीला टाके होते, निदान आठ दिवस ठेवायला हवी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. बाळाला फडक्यात बांधून नवरा-बायको निघून गेली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “ती भ्याली. बोलली, माझ्या पोरीपायी काच फुटली, आता पोलीस येल.” ती कुठल्या पाड्यावरची, कुणाला ठाऊक नव्हतं. टाके तसेच घेऊन ती डोंगर चढली असेल. या एका गोष्टीसाठी तरी माझा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. टेबलामागे डॉक्टर, बाजूला मेट्रनबाई, जबाब लिहून घ्यायला कारकून. मला खुर्ची दिली. जमना दाराशी उभी, हाताला पट्टी.

डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांना हे लवकर आटपायचं होतं. त्यांनी विचारलं, “सिस्टर, काच फुटली तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

मी तोंड उघडायच्या आत मेट्रनबाई म्हणाल्या, “बाळाकडे होत्या त्या. गुदमरलेलं बाळ हातात असताना मागे कोण काय करतंय याकडे लक्ष कसं असणार? होय ना, सिस्टर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द बोलायचे होते. ‘मी सांगितलं.’ कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं. मी म्हटलं, “मी बाळाकडे होते.”

खोटं नव्हतं. बाळाकडे होतेच की! असलं खरं बोलायला आम्ही त्या बारा प्रश्नांच्या कागदावर शिकलो होतो.

मग जमनाला विचारलं. “तुला कुणी सांगितलं काच फोडायला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “कोनी नाय. मीच फोडली.”

“आणि सरकारी मशीनमध्ये तेलही तूच घातलंस?”

“मीच घातलं.”

लिहून झालं. मी सही केली, जमनानं अंगठा उठवला. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती म्हणून डाव्या हाताचा घेतला. आठवड्याभरात ती कामावरून कमी झाली. कारण : परवानगीशिवाय सरकारी मालमत्तेची नासधूस. बाळाचा त्या कागदात उल्लेखच नाही. कुणी पुढे कधी वाचला तर त्याला वाटेल, एका आयेला एके दिवशी सकाळी उगाच काच फोडायची लहर आली.

तपासणी ठरल्या दिवशी झाली. कपाटाला नवी काच बसली होती, लाल ब्लँकेटं खाटांवर होती. या वेळचे साहेब जरा चौकस निघाले. त्यांनी मशीन खाली काढायला लावलं आणि बुटानं पायटा दाबला. झकास ओढ लागली.

“वा! कोण निगा राखतं याची?”

मेट्रनबाईंनी मला पुढे केलं. “सिस्टर राऊत.”

साहेबांनी बुकात माझं नाव लिहिलं. मी ‘थँक यू, सर’ म्हटलं. होय, म्हटलं. महिन्याभरात मी नोकरीत पक्की झाले.

पक्की झाल्याचा कागद हातात पडला त्या रविवारी मी दांडीला गेले. बोईसरपर्यंत गाडीनं, पुढे एस.टी.नं, मग चालत. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांना बोंबील सुकत घातले होते, वारा सुटलेला. जमना दुसऱ्या कुणाच्या तरी बोंबलांवर मजुरीनं राबत होती. तळहातावरचा वण पांढरा पडला होता. मूठ पूर्ण मिटत नव्हती, हे मी नर्स असल्यामुळे लगेच ओळखलं.

“जमनाबाई,” मी म्हटलं. तिला ‘बाई’ मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. “माझं चुकलं. काच मीच फोडायला सांगितली. तुम्ही विचारून फोडलीत. हे खरं आहे.”

ती काम करत राहिली. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या शिस्टर, पोर वाचलं ना! खरं सांगते, तेच ऐकायला मी एवढ्या लांब गेले होते.

“ते इचारीत होते ना,” ती म्हणाली, “तवा मी तुमच्या तोंडाकडं बघत होती. वाटलं, आता बोलंल. आता बोलंल. तुमची नोकरी कच्ची हाय ते माला माहीत होतं. म्हनून मी बोलली, मीच फोडली. मी बोलली तरी तुमी बोलाल, असं वाटलं.”

“मी आता बोलते. लेखी देते.”

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, ते रागानं. “तिथं बोलायचं ते हितं येऊन बोलता. हितं कोन ऐकतं? बोंबील?”

मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. बरोबर केलं. मी तशीच परत फिरले आणि संध्याकाळी सरळ मेट्रनबाईंच्या क्वार्टरवर गेले. त्या व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जमनानं विचारलं होतं, मी ‘फोड’ म्हटलं होतं, चौकशी पुन्हा करा, माझी नोकरी जाऊ दे. रडले, ओरडले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अगं, विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या न हलवणारी बाई, ती सरकारी काच आपल्या मनानं फोडेल? पहिल्या दिवशीच कळलं मला. डॉक्टरांनाही कळलं.” ड्यूटीवर त्या आम्हाला ‘तुम्ही’ म्हणायच्या, त्या संध्याकाळी ‘तू’ म्हणाल्या, अगदी मायेनं. “कागदावर कुणाचं तरी नाव लागतं. एक शिकलेली नर्स मिळायला मी दोन वर्षं अर्ज करते. आया दाराशी रांग लावून उभ्या असतात. म्हणून तर तुझ्या तोंडात उत्तर घातलं. तू ते घेतलंस. आता कसली चौकशी?”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“उद्या तुझी सकाळची ड्यूटी आहे. जा, झोप.”

आणि मी गेले. झोपले. सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना कडक इस्त्रीची टोपी घालून ड्यूटीवर हजर झाले, आणि दाराशी उभ्या असलेल्या नव्या आयेला म्हटलं, “ए, पाणी ठेव उकळायला.”